तेरा ऑक्टोबर, काल्मान

सेगेदला आले तेव्हा मला वाटलं,
या इमारतीतल्या साऱ्या म्हाताऱ्या नेन्यांच्या घरातल्या.
एतेल्का नेनी, मार्गित नेनी, तळमजल्यावरची बोरबाला नेनी.
नेनी म्हणजे मावशी, हे महिन्याने कळलं.
दारावरच्या पाटीवर आडनाव आधी, नाव मागून,
शाळेच्या हजेरीसारखं.
पोस्टमनने जिन्यात हाक मारली, "मोघे कालिंदी!"
आणि मी सरळ उभी राहून म्हटलं, "हजर."

भाषा चोरटी आहे.
माझेच शब्द पळवते, त्यांना भलतेच कपडे घालते.
बोर म्हणजे वाइन. तेल म्हणजे हिवाळा.
केश म्हणजे सुरी.
"टेबलावर केश आहे का बघ," एतेल्का नेनी म्हणाली,
मी प्रत्येक बशीवर वाकून शोधत राहिले.
कुत्या म्हणजे मात्र कुत्राच. तेवढा इमानी राहिला.
समोरचं पोर आईला "अन्या!" म्हणून हाक मारतं
आणि मला आमचा अनिरुद्ध आठवतो,
मिशीवाला, मिरजेच्या वीज मंडळातला.
निघताना इथे लोक हॅलो म्हणतात.
हो, निघताना.

डिसेंबरात एका रात्री बूट घासून खिडकीत ठेवायचे.
ठेवले मीही. कारखान्यातले, लोखंडी टोकाचे.
सकाळी एकात चॉकलेट,
दुसऱ्यात सोनेरी काटक्यांची जुडी:
म्हणजे वर्षभर थोडी शहाणी, थोडी द्वाड.
निकाल बरोबर होता. तक्रार केली नाही.

ईस्टरच्या सोमवारी दार उघडलं
तर तीन पुरुष, हातात अत्तराच्या बाटल्या,
तोंडात पाठ केलेली कविता, शेवटी एक प्रश्न.
'नेम' म्हणजे नाही, एवढं येत होतं.
नेम धरून 'नेम' म्हटलं.
मांडवातून वरात परत पाठवावी
तसे तिघे उभे.
जिन्यातून नेनी किंचाळली, "इगेन म्हण, इगेन!"
म्हटलं. तिघांनी माझ्या डोक्यावर बाटल्या झटकल्या.
द्यायला रंगीत अंडी नव्हती,
शंकरपाळ्यांच्या पुड्या बांधून दिल्या.
दोन दिवस केसांना वास येत होता
लायलॅकचा, लॅव्हेंडरचा,
आणि तिसरा बहुधा दाढीनंतरचा.

खरी पंचाईत कॅलेंडरची.
इथे प्रत्येक तारखेला नावं असतात,
त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला फुलं.
वाढदिवस निराळा, हा निराळा.
तीनशे पासष्ट दिवसांत मी कुठेच नव्हते.
नेनीला ते सहन होईना.
चष्मा चढवला, बोट फिरवलं.
कातालिन? "तिथे आधीच गर्दी आहे."
क्लोतिल्द? माझ्याकडे बघून स्वतःच नको म्हणाली.
बोट थांबलं तेरा ऑक्टोबरवर: काल्मान.
"पुरुषाचं आहे. पण 'काल' जुळतंय. राहू दे."
आमच्यात कालमान म्हणजे काळाचं माप,
हे तिला सांगणार होते,
पण आठ विभक्त्यांना रडलेली मी,
इथे अठरा आहेत.

तर तेरा ऑक्टोबरला एका सोफ्यावर आम्ही दोघं:
निवृत्त ट्रामचालक काल्मान बाची आणि मी.
लोक फुलं घेऊन येतात, मोजून पाच, मोजून सात.
सम संख्या मेलेल्यांसाठी.
एकाहत्तर वर्षं ही तारीख म्हाताऱ्याच्या एकट्याची होती.
त्याने माझ्या गुच्छाकडे पाहिलं,
स्वतःच्या गुच्छातली फुलं पुन्हा मोजली,
आणि जरासा सरकला.

रात्री आईला फोन.
"म्हणजे पुन्हा बारसं केलं की काय तुझं?"
"हो. आणि नाव पुरुषाचं ठेवलं."
खूप हसलो. मग झोपायची वेळ झाली.
सवयीने मी म्हटलं, "हॅलो."
"हॅलो," आई म्हणाली,
"बोल ना, ऐकतेय मी."