डावीकडच्याबद्दल

हत्तुरेबाई म्हणाल्या, यंदा निरोपाला भाषणं नकोत.
एक वही फिरेल. जो तो आपल्या डावीकडं बसलेल्याबद्दल
चार ओळी लिहील. खरं लिहा.
टोपणनावं चालतील, शिव्या नकोत.

वही मुलींच्या पहिल्या बाकावरून निघाली
आणि पंख्याखाली पोचेपर्यंत
तिला शेंगाचटणीचा वास लागला.

शिवलीलाबद्दल लावण्या गड्डमनं लिहिलं:
ही घरी कन्नडात भांडते, वर्गात मराठीत हसते,
पण पाढे तेलुगूत पुटपुटते, कारण ते तिला मी शिकवलेत.
सतराच्या पाढ्यात अडली की माझ्याकडं बघते.
बोर्डाला माझा नंबर कुठल्या शाळेत येईल, काय माहीत.

लावण्याबद्दल निलोफरनं:
पहाटे आईबरोबर विड्या वळून येते.
पत्र्याचा साचा ठेवून पान कापावं
तसं हिचं प्रत्येक अक्षर एका मापाचं.
मी हिची वही उतरवून घेते ती अभ्यासासाठी नाही,
नुसतं बघायला.

रेणुकाच्या डावीकडं वाट,
वाटेपलीकडं इरण्णा म्हेत्रे.
तिनं लिहिलंय, मग खोडलंय, मग खोडल्यावर पुन्हा खोडलंय.
पान उन्हाला धरलं की मागून थोडं दिसतं.
आम्ही सगळ्यांनी धरलं.
दिसलं एवढंच: "हा मागं वळून बघत नाही तेव्हा."

इरण्णानं अंबादासबद्दल:
नळाला पाणी आलं की हा गैरहजर.
गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ बघताना चक्कर येऊन पडला,
कुणाला सांगू नको म्हणून मला भजी चारली.
भजी बरी होती. सांगितलं.

अंबादासनं तौफिकबद्दल:
वर्गाचं घड्याळ यानं दोनदा दुरुस्त केलं.
दोन्ही वेळा भूगोलाचा तास लवकर संपायला लागला.
उपकार.

मग वही माझ्याकडं आली.
माझ्या डावीकडं भिंत.

दिवाळीपर्यंत या जागेवर नरसिमलू बसायचा.
रात्री टॉवेलच्या मागावर,
सकाळी पहिल्या तासाला डोकं भिंतीला.
तिथं तेलाचा गोल डाग आहे,
थोडं खोबरेल, थोडं मशीनचं.
नाताळात शाळेला चुना लावला.
जानेवारीत डाग पुन्हा वर आला.

मी लिहिलं: डाग माझ्या कानाच्या वर लागत नाही,
म्हणजे तू माझ्यापेक्षा चार बोटं ठेंगणा होतास,
जे तू कधी कबूल केलं नाहीस.
तू पेपरात उत्तरं मागायचास तीही ओरडून,
मागाच्या खडखडाटात कुजबुज शिकणार कुठं.
तुझी कंपासपेटी माझ्याकडं आहे.
टोकयंत्र हरवलं, माफ कर.
चार ओळींच्या अकरा झाल्या.
बाईंनी मोजल्या, बोलल्या नाहीत.

माझ्याबद्दल तौफिकनं लिहिलं होतं:
हा भिंतीशी बोलतो.
मला वाटायचं माझ्याशी बोलतोय,
म्हणून दोन महिने मी उत्तरं देत होतो.
यापुढंही देईन.

समारंभ संपला. पेढे संपले.
वही कुणी घरी न्यायची यावर भांडण झालं,
ते मिटायच्या आत तौफिकनं सायकल काढली, मी मागं बसलो.
साडेचारचं ऊन, विणकर वसाहतीचा रस्ता,
पत्र्याखाली आठ माग एकदम चालू.

नरसिमलूनं धाग्यावरची नजर काढली नाही.
मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन वाचायला लागलो.
"काय बे?" तो ओरडला.
मी पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं,
घसा फाटेस्तोवर, डाग, कान, कंपासपेटी, सगळं.
शेजारच्या मागावरचे म्हातारे काका हसायला लागले.

तुटलेला धागा त्यानं जोडला, चिमटीत गाठ फिरवली,
मग माझ्याकडं वळून
दोन बोटं वर केली:
"चार नाही. दोन."