खिडकी नंबर तीन

झटक्यानंतर अकराव्या दिवशी
बाबा बोलले.
गुजरातीत.

‘आवो बेन, बेसो ने.’
समोर आई, हातात मऊ खिचडीची वाटी,
एकोणचाळीस वर्षांची लग्नाची बायको,
तिला बेन!
नर्स हसली. मी खिडकीबाहेर पाहिलं.
दांडिया बाजारच्या रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
लागतच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी,
एक भाषा वाहून जाते, एक काठावर राहते.
कुठली, ते सांगता येत नाही.
बाबांची राहिली ती वीज बोर्डातली:
खिडकी नंबर तीन, बिल भरणा, दहा ते दोन,
चौतीस वर्षं जाळीच्या आडून
अख्ख्या बडोद्याशी जे गोड बोलले, ते सगळं.
छुट्टा छे? कांई वांधो नहीं. काले आवजो.
घरी आणायचे ती मराठी आटोपशीर होती.
अगं. चहा. टॉवेल. किती वेळ.

आई दोन दिवस त्यांच्या खोलीत गेली नाही.
तूच भरव तुझ्या बापाला, म्हणाली,
मी काय त्यांचं गिऱ्हाईक आहे?
तिसऱ्या दुपारी मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये,
माझा आवाज बंद करून बसलेली,
आणि पलीकडून ऐकू आलं, बेसो ने, बेन,
आणि मग
खुर्ची ओढल्याचा आवाज.

‘बस जरा’ असं या घरात तिला कोणी म्हटलेलं
मला आठवेना.
मीही नाही.

स्पीच थेरपीवाली यायची, झंखना नावाची मुलगी,
चित्रांची कार्डं घेऊन. आंबा. छत्री. कुलूप.
मी मागे लागायचे, मराठीत विचारा, मराठीत.
एका गुरुवारी कार्डं सापडेनात.
नंतर मला ती तूरडाळीच्या डब्यामागे दिसली,
रबरबँड लावून नीट ठेवलेली.
मी डबा होता तिथे सरकवला.

रात्री बंगळुरूहून कौस्तुभचा फोन.
गॅसवाला आला होता. ओटीपी पाठव. कधी येणारेस.
आमचीही भाषा आटोपशीर झाली आहे अकरा वर्षांत,
निम्मी इंग्रजी, निम्मी अंगठा वर केलेली.
माझ्या डोक्यातली एखादी शीर तुंबली
तर कुठली मी काठावर राहीन?
क्लायंटला ‘हॅपी टू हेल्प’ म्हणणारी?
आणि तीच त्याच्या वाट्याला आली
तर तो खुर्ची ओढेल?

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी मराठी आली.
‘अगं, चहा.’
स्पष्ट. जशी गेली होती तशीच.
मी ओरडलेच. दादाला जामनगरला फोन लावला,
शेजारच्या पटेलकाकूंच्या हातावर साखर ठेवली.
आई उठली.
तेवढंच केलं तिने, खुर्चीवरून उठली
आणि आत गेली.
आतून बराच वेळ भांड्याचा आवाज नाही.

मग आली. दोन कप.
एक त्यांच्यापुढे ठेवला,
दुसरा हातात धरून उभी राहिली,
रांगेत पुढे सरकल्यासारखी, पदर सावरून,
आणि जाळीतून बोलावं तशी जरा वाकून म्हणाली,
‘छुट्टा नथी, भाई.’

बाबांनी पाहिलं तिच्याकडे.
चेहऱ्याची एक बाजू अजून हलत नाही,
दुसरी हळूहळू वर गेली.
‘तो...’ म्हणाले,
आणि पुढचा शब्द शोधू लागले, इतका वेळ
की चहावर साय धरली.
मी सांगणार होते शब्द.
आईने हातानेच गप्प केलं मला.
थांबायची
तिला कुठे नवी सवय होती.