आडोसा

नवतपा लागून तीन दिवस झालेले.
दुपारी हिंगणा रोडवर डांबर चप्पल धरून ठेवते,
सोडताना चट् वाजते.

अशात खोब्रागडे मॅडम पिवळी गाडी घेऊन आल्या.
दोन दारं, जमिनीपासून वीतभर, आवाज असा
की समोरचा रसवंतीवाला ऊस हातात धरून उभाच.
सेकंडहँड. पुणे पासिंग.
पहिल्या मालकाने घाटातल्या गारव्यात फिरवली असेल.

डोक्याचा दुपट्टा सोडत मॅडम म्हणाल्या,
"पहाटे पाचला वर्धा रोडवर उडते ही.
दुपारी बर्डीच्या सिग्नलला उचलतच नाही."

बॉनेट उघडलं.
एअर फिल्टर उघडाच, मॅनिफोल्डच्या शेजारी.
चुलीत तोंड घालून श्वास घेणं चाललेलं.
स्कॅनर लावला: बाहेर पंचेचाळीस,
आत जाणारी हवा एकाहत्तर.
तो आकडा त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळ बघितला.
भूल देणाऱ्या डॉक्टर त्या.
म्हणाल्या, "सर्जन पोट बघतो. मी श्वास."

हीट शील्ड त्यांनी बाहेरून मागवली होती.
खोकं, फोम, चकाकता पत्रा, त्यावर कंपनीचा स्टिकर,
आठ बोल्ट आणि चित्रांचा एक कागद.
चित्रात सगळं बसत होतं.
इथे जिथे खाच हवी तिथे सपाट,
जिथे सपाट हवं तिथे खाच.
डाव्या स्टिअरिंगच्या मुलखातला पत्रा तो,
आपल्या ब्रेकच्या डब्याला ओळखच दाखवेना.
दाबून बघितलं. शिव्या देऊन बघितलं.
दहाचा पाना इंजिनच्या पोटात पडला,
पोराने दोरीला चुंबक बांधून अर्धा तास गळ टाकला.

मग शेजारच्या मोरेश्वर धकातेला हाक मारली.
कूलर बनवतो तो. सीझन भरात,
दारात अठरा सांगाडे, पंख्याविना, तोंड वासून.
आला, पाणी प्याला,
फिल्टरभोवती बोट फिरवून म्हणाला,
"एवढ्यासाठी थांबला होता काय बे?
याले पुरा कूलर नाही लागत. दोन बाजू पुरे."

पंपाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापला.
पुठ्ठा जिथे जिथे अडला तिथे पेन्सिल,
पुन्हा कात्री, पुन्हा अडला,
तिसऱ्यांदा असा बसला की मॅडम स्टूल पुढे ओढून वाकल्या.
मग ॲल्युमिनिअम.
मग ती किर्र, जी थेट दाढेत जाते.
गुडघ्यावर ठेवून त्याने पत्रा वाकवला,
कोन मोजला नाही.
पाइपला भोक, सेन्सरच्या वायरला खोबण, सहा रिव्हेट.
खोक्यातल्या मालाचं काठाचं रबर तेवढं कामी आलं.
बॉनेट खाली आलं, रबर दबलं,
आत एक छोटी खोली तयार झाली.

तीन वाजता रिंग रोड.
मॅडम चालवताहेत, स्कॅनर माझ्या मांडीवर.
अडुसष्ट. एकसष्ट. चोपन्न.
गाडी जड पायाची राहिली नव्हती.
सिग्नलला थांबलो तर पुन्हा अठ्ठावन्न.
"पंचेचाळीसच्या खाली कधी?"
म्हटलं, "कधीच नाही, मॅडम. पत्रा गार करत नाही.
बाहेर आहे तेवढं तर घ्यावंच लागते.
आपलीच झळ आपल्याच नाकात जाऊ नये, बस."
त्या काही बोलल्या नाहीत.
हिरवा लागला तरी क्षणभर थांबल्या,
मागच्या ऑटोने हॉर्न दिला.

मोरेश्वरने कूलरच्या दोन बाजूंचेच पैसे घेतले.
जास्त देऊ केले तर म्हणाला, "तो बाहेरचा पत्रा टाकून देता काय?"

आता त्याच्या दुकानात, पश्चिमेच्या उन्हाकडे,
माठाला टेकवून उभा आहे तो,
कंपनीचा स्टिकर रस्त्याकडे करून.
खाच बरोब्बर माठाच्या गळ्याशी आली आहे.
एकही बोल्ट लावावा लागला नाही.