तिसरा सूर

शुक्रवारचा शेवटचा तास. खिडकीबाहेर
साउथलंडचा वारा, आडवा, मेंढ्यांच्या वासाचा.
वर्गात अकराजण. फेब्रुवारीत एकोणीस होते.
दहाच्या खाली गेले की विषय बंद,
असं मुख्याध्यापकांनी
बिस्किटांची बशी पुढे सरकवत सांगितलंय.

सगळं करून झालंय माझं.
कागदी कंदील, बिंगो, पांडाचे स्टिकर.
डंपलिंग वळली, तेव्हाचं पीठ
पंख्याच्या पात्याला अजून चिकटून आहे.
बशी रिकामी होईपर्यंत
सगळ्यांनाच चिनी आवडतं.

आज फळ्यावर एकच शब्द: थांग.
सपाट म्हटला तर सूप.
चढवत नेला तर साखर.
खाली बुडवून परत उचलला, तर आडवं होणं.
आणि धाडकन टाकला, तर पोळणं.

"म्हणजे सूप मागायला जायचं आणि भाजून यायचं,"
हिनेराउ म्हणाली,
आणि वहीत पुन्हा घोडे काढू लागली.

मागच्या बाकावर रुआरी मकिंटायर.
गमबुटांचा चिखल बाकाखाली वाळतोय,
सहा महिन्यांत माझ्याशी तीन वाक्यं बोललाय.
त्यानं मान वर केली.
"मिस, हे तर कुत्र्याचं आहे."
वर्ग खिदळला. तो नाही.
दोन बोटं तोंडात घालून त्यानं शीळ घातली,
लांब, सपाट: म्हणजे थांब.
मग एक चढती. मग एक वळण घेतलेली,
डावीकडून मेंढ्यांना वळसा घालायची.
शेजारच्या वर्गातल्या सरांनी भिंतीवर थाप मारली.

सोमवारी पार्किंगमध्ये, पिकअपच्या हौद्यात मॉस.
थांग, सूप. मॉस नुसता बघतो.
थांग, साखर. एक कान हलतो.
थांग, तळ गाठून वर आलेला,
आणि कुत्रा पोटावर, पंजांवर हनुवटी.

"शनिवार-रविवार गेले," रुआरी म्हणाला,
"सूर अर्धवट सोडला की हा ढिम्म हलायचा नाही."

तेवीस वर्षं शिकवतेय मी.
पण मी लानचौची, आमच्या घरी
सूर जरा कलंडलेलेच असतात.
मीही म्हटलं: थांग.
मॉसनं उठून माझ्याकडे पाहिलं.
पाहतच राहिला.

"अजून खाली, मिस," रुआरी म्हणाला.
"बुडायचं, मगच वर यायचं."

सायकली धरून हिनेराउ थांबलेली, आणखी दोघं तिच्यामागे.
वारा तोंडात शिरत होता.
मी गुडघ्यांत वाकले.