प्रकल्पाचं नाव

फॉर्म शुक्रवारी द्यायचा, सर म्हणाले.
विषय मूत्रपिंड. वरून तसं कळवलंय.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
'जैववैद्यकीय अभियांत्रिकी' फळ्यावर एका ओळीत मावेना,
सरांनी शब्द तोडला
आणि खडूची पूड हातावरून झटकली.

थर्माकोलची दोन मूत्रपिंडं सगळ्यांच्याच मनात होती,
एक लाल नळी, एक निळी.
लिझेट म्हणाली, आमच्याकडे चोरिसांची आतडी आहेत,
मायनं मडगावच्या बाजारातून आणलेली, मिठात ठेवलेली.
आत पिठाचं पाणी भरायचं, बाहेर आयोडीन.
आयोडीन आत शिरतं,
पीठ बाहेर येत नाही.
हेच डायलिसिस गो, फक्त वास येतो.
आम्ही करून पाहिलं. आतडं निळं झालं.
वासही आला.

ते मी जवळजवळ लिहिलंच होतं.

पण फोंडूमाम रोज सकाळी
कुंपणावरून डावा हात पुढे करतो.
मनगटाच्या वर शीर फुगलेली, ओल्या सुंभासारखी.
"पळय गो बाये, चालू आसा?"
मी दोन बोटं टेकवते.
खाली थरथर असते,
करमल घाटाच्या पायथ्याशी
न्यूट्रलला उभ्या गाडीची असते तशी.
"आसा," मी म्हणते.
मग तो चहाला जातो. अर्धा कप, मोजून.

बावीस वर्षं त्यानं काणकोण-मडगाव चालवली.
आता आठवड्यातून तीनदा त्याच रस्त्यानं
खिडकीशी बसून जातो,
आणि प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबतो
ब्रेक नसलेल्या जागी.
दारचे सात माड त्याचेच;
शहाळं त्याला बंद.
साखरेनं बोटांना आधी मुंग्या आणल्या,
मग मुंग्याही गेल्या.
स्वतःच्या हातातली गाडी त्याला आता कळत नाही.
थरथर थांबली तर त्याच दिवशी मडगाव गाठायचं,
हे डॉक्टरांनी त्याला सांगितलंय
आणि त्यानं मला.

तर, वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डातली चकती,
पितळेची, रुपयाएवढी, पाठीला दोन वायरी.
वीज दिली की ती गाते,
आणि हलवली की थोडी वीज देते.
मध्ये एक चिप. शेवटी हिरवा दिवा.

सर चष्मा पुसत म्हणाले,
परीक्षकांना लांबून काय दिसणार?
थर्माकोल दिसतो.
आतडं निदान रंग बदलतं.
दिवा पेटेल, सर.
एवढंच?
एवढंच.

गुरुवारी संध्याकाळी, त्याच्या पडवीत,
माझ्या केसांच्या रबरानं चकती त्याच्या हाताला बांधली.
दिवा पेटला.
सिग्नलकडे बघावं तसा तो बघत राहिला,
सुटण्याची घाई नसल्यासारखा.
मग चकती काढून बाकावर ठेवली,
आणि तेवढ्यात साडेसहाची मडगाव गेली
खालच्या रस्त्यानं, खड्ड्यातून,
तर दिवा पुन्हा पेटला, आपोआप, हाताशिवाय.
मला रडूच यायचं होतं.
तो मात्र हसून हसून खोकला.
"पळय! गाडी वळखता ती!"

रात्री फॉर्म भरला.
प्रकल्पाचं नाव: हात चालू आहे का.
खर्च: एकशे चाळीस रुपये, कार्ड जुनं.
अडचणी:
एक, जवळून बस गेली तरी दिवा पेटतो.
दुसरी अडचण कुंपणाची होती.
ती लिहिली, आणि खोडली.
कागद तिथे जरा पातळ झालाय,
दिव्यासमोर धरला तर दिसतो.