आवाजानं लिहा

बावीस टॅब आले, त्यातले नऊ चालतात.
कपाटाची चावी मोठ्या बाईंच्या पर्समध्ये,
नेट माझ्या फोनचं,
आणि अख्ख्या वर्गाला प्लगपॉइंट एकच,
तोही पंख्याशी भांडून मिळवलेला.
खिडकीबाहेर वडाळ्याचं मिठागर.
खारी हवा काचेवर बसते, ती पुसायची,
खिचडीची हळद पुसायची,
मग शिकवायचं.

दुसरी ब.
आजचा पाठ: आवाजानं लिहा.
माईकच्या चित्राला बोट लावायचं, बोलायचं,
अक्षरं आपोआप उमटतात.
प्रणयचे पुढचे दोन दात पडलेत.
तो म्हणाला, सशाची शेपटी.
टॅबनं लिहिलं, सहाची पेटी.
वर्ग जो हसत सुटला,
शेजारच्या वर्गातून खडूचा तुकडा आला.

अंबिका धोत्रे वर्गात बोलत नाही.
जूनमध्ये एकदा बोलली होती, पानी,
आणि मागच्या बाकांवरून
ण ण ण असा मारा झाला.
तेव्हापासून हजेरीलाही नुसता हात वर.
आज ती टॅब घेऊन कपाटामागे गेली,
भिंतीकडे तोंड करून
कानगोष्ट सांगावी तसं बोलली:
माजी आय पानी आनाया जाती.

टॅब हसला नाही.
त्यानं लिहिलं:
माझी आई पाणी आणायला जाते.

तिच्या खांद्यावरून मी वाचलं आणि,
खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.
जिंतूरला आमच्या गुरुजींनी
हा एवढासा ण
पट्टीच्या कडेनं माझ्या तळहातावर गिरवून घेतला होता.
इथं ना पट्टी, ना हशा,
नुसतं गुपचूप दुरुस्त होणं.
म्हटलं, बघ, कळलं की त्याला तुझं.

तिनं बोट लावून वाचलं.
पुन्हा वाचलं.
मग मान वर:
"बाई, ह्यात माजी आय कुटं गेली?"

अगं, आई म्हणजेच आय,
ओठांपर्यंत आलं होतं.
पण डी.एड.च्या पहिल्या वर्षी
मी घरी पत्र लिहिलं होतं, तीर्थरूप आईस,
आणि शेजारच्या पोराकडून ते वाचून घेताना
आय त्याला म्हणाली होती,
हे कुनाला लिवलंय रं?

आम्ही माईक बंद केला.
बोटानं ई खोडली, य शोधला.
सापडायला वेळ लागला, तोवर
तिच्या नखातली मिठाची पांढरी कड बघत राहिले.
आय.
उमटल्याबरोबर खाली लाल नागमोडी रेघ.
तिचा हात मागे. "चुकलं?"
"नाही गं. पुस्तकात महत्त्वाच्या शब्दाखाली
आपण रेघ मारतो की नाही? तसंच."

हे बोलायला नको होतं.
पाच मिनिटांत सगळा वर्ग
रेघा गोळा करायला निघाला.
प्रणयनं लिहिलं निवटी. रेघ.
रुखसारनं तिच्या बकरीचं नाव लिहिलं. रेघ.
अंबिकेनं मिठागरावरचे पाच शब्द लिहिले,
त्यातले तीन मलाही नवे,
पाचही लाल.
तेजसनं गल्लीतली एक शिवी घालून पाहिली,
ती मात्र टॅबला येत होती.
तो हिरमुसून जागेवर बसला.

संध्याकाळी ग्रुपवर लिंक.
आजच्या आज भरा, कारणे सांगू नयेत.
साधने वापरली का: होय.
फोटो: एक, साधन आणि चेहरे दिसतील असा.
जो होता त्यात सगळ्यांची डोकी खाली,
तोच टाकला.
विद्यार्थ्यांच्या लेखनातील चुका:
घटल्या, तेवढ्याच, वाढल्या.
बॅटरी चार टक्के.
मी वाढल्यावर बोट टेकवलं.