वरवरचा गंज

आमच्या वर्ध्याकडे गंज म्हणजे भात शिजवायचं भांडं.
हे मी नॉर्मन ब्लेनकिन्सॉपला सांगितलं नाही.
तो गुडघे टेकून, गाडीच्या दाराला कान लावून
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत होता,
दर ठोक्यानंतर थांबत.
टण्. टण्. टण्.
"वरवरचा आहे," म्हणाला, "पत्रा बोलतोय."
मग मागच्या चाकाच्या कमानीखाली: थप्प.
"इथं नाही बोलत."

हार्टलपूलमध्ये चौतीस वर्षं मी लोकांचे दात ठोकून पाहिले,
याच हातानं, याच कानानं.
काळं दिसतं ते सगळं किडलेलं नसतं,
पुष्कळदा नुसता चहा असतो,
आणि एखादा शुभ्र हसणारा दात
पोटात अख्खी विहीर घेऊन फिरतो.
मला कळायला हवं होतं.
पण रिटायर झालेला माणूस पुन्हा बिगरीत बसतो.

ट्रायम्फ हेरल्ड, सन चौसष्ट.
ऑड्री स्टॉकडेलबाईंच्या गॅरेजात एकोणीस वर्षं उभी,
सीटवर नवऱ्याची टोपी.
टोपी त्यांनी काढून घेतली.
पैसे मोजले नाहीत.

तारेचा ब्रश आधी. मग ऐंशी नंबरचा कागद,
मग एकशेवीस, मग खांदा दुखेपर्यंत दोनशेचाळीस.
पोपडे निघाले, तपकिरी भुगा नाकात गेला,
आणि रंग सुटत गेले एकाखाली एक:
निळा, त्याखाली साईसारखा पांढरा,
त्याखाली हिरवा, कच्च्या चिंचेचा.
बाईंना फोन केला.
"हिरवी? छे, आमची पहिल्यापासून निळी."
बराच वेळ नुसती घड्याळाची टिकटिक ऐकू आली.
"माझ्या आधीची असेल," म्हणाल्या,
आणि हवेविषयी बोलू लागल्या.

संध्याकाळी दार उघडंनागडं, चकचकीत.
मी त्यावरून तळवा फिरवला,
नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा.
शरयूची हाक आली.
म्हटलं, प्रायमर उद्या.

रात्री समुद्रावरून फ्रेट आलं,
इथं धुक्याला तेच म्हणतात,
शटरखालच्या बोटभर फटीतून आत शिरलं
आणि कुणाला न उठवता काम करून गेलं.
सकाळी दारभर फिकट शेंदूर,
आणि मधोमध, गडद,
माझा पंजा.
पाच बोटं. अंगठ्यावरच्या रेघासुद्धा.

नॉर्मन पोट धरून हसला.
"हात धुतले होतेस का?"
मला विचारतोय!
दिवसाला चाळीसदा हात धुण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला.

पुन्हा कागद. पुन्हा खांदा.
जिथं खड्ड्यांतून तांबूस ठिपके हटेनात
तिथं ब्रशनं फॉस्फोरिक ॲसिड.
हेच मी दातांवर लावत असे,
सिमेंट धरावं म्हणून, पंधरा सेकंद,
मनात मोजून.
इथं वीस मिनिटं. परीसबिरीस काही नाही,
लोखंडाचं सोनं होत नाही.
तांबडं काळं पडतं, आणि काळं गप्प बसतं.
एवढंच मिळतं, आणि तेवढं पुरतं.

शरयूच्या हेअर ड्रायरनं दार वाळवलं,
हातमोजे घालून.
राखाडी प्रायमरचा पहिला हात पडला तेव्हा
रस्त्यावरचे दिवे लागले होते.
"भात गंजातच आहे," ती दारातून म्हणाली,
"नॉर्मनलाही आण."
तो विचारत होता, काय म्हणाली?
मी शब्द शोधत राहिलो.

चाकाच्या कमानीखालचं अजून तसंच आहे.
जेवताना तो त्याबद्दल बोलला नाही, मीही नाही.
ते कापावं लागेल.